गोठलेली जमीन, काळी जमीन आणि हतबलतेचा युक्तिवाद

उत्तर ध्रुवाभोवतीची हजारो वर्षे गोठून राहिलेली जमीन वितळू लागली आहे आणि तिच्यात साठलेला कर्ब हवेत मिसळू लागला आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला आता नवी राहिलेली नाही. परंतु या एकाच वस्तुस्थितीवरून जे निष्कर्ष काढले जातात, ते परस्परांशी इतके विसंगत आहेत की त्यांची एकेक करून तपासणी होणे आवश्यक आहे. एका मतानुसार ही निसर्गाची स्वतंत्र घडामोड असून तिच्यापुढे माणसाच्या धुराड्यांचा हिशेब नगण्य ठरतो. दुसऱ्या मतानुसार तिथे मिथेनचा बॉम्ब दडलेला असून तो फुटणारच असल्यामुळे आता उपायांची वेळ निघून गेली आहे. तिसरे मत असे की, बर्फ हटलेल्या जमिनीवर हिरवळ येईल आणि सुटलेला कर्ब ती परत शोषून घेईल. तर चौथ्या मतानुसार ध्रुवावर काहीही झाले तरी विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध पोहोचत नाही. ही मते एकमेकांना खोडून काढतात, तरीही ती सगळी एकाच ठिकाणी येऊन थांबतात, आणि ते ठिकाण म्हणजे करण्यासारखे काही नाही हा समज. हा समज चुकीचा का आहे, हे दाखवण्यासाठी सैबेरियापर्यंत जाण्याची गरज नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडून पूर्णा नदीकडे उतरत जाणाऱ्या मैदानातील वरवट बकाल आणि त्याच्या आसपासची काळी जमीन कर्बाच्या त्याच नियमांनी चालते, आणि ते नियम संग्रामपूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत.

प्रथम मूळ प्रक्रिया समजून घेतली पाहिजे. जी जमीन, तिच्यातील दगड-माती आणि बर्फ यांसह, सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सिअस किंवा त्याखालीच राहते, तिला शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात. रशिया, कॅनडा आणि अलास्का यांचा फार मोठा भाग या जमिनीने व्यापलेला असून उत्तर गोलार्धातील उघड्या भूभागापैकी सुमारे 15 टक्के जमिनीखाली ती आढळते. तिचा वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. या थरात वाढलेली गवते, शेवाळ आणि झुडपे मेल्यावर पूर्णपणे कुजण्याआधीच गोठत गेली आणि हजारो वर्षांच्या अवधीत त्यांचा साठा खाली दबत राहिला. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, 2019 च्या अहवालात उत्तरेकडील या प्रदेशातील सेंद्रिय कर्बाचा साठा 1,460 ते 1,600 अब्ज टन इतका मानला आहे. आजच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने असलेला सगळा कर्ब 900 अब्ज टनांच्या आसपास आहे, म्हणजे गोठलेल्या जमिनीतील साठा त्याच्या दीड पटीहून अधिक भरतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी संपूर्ण भारताच्या मातीत दीड मीटर खोलीपर्यंत सुमारे 30 अब्ज टन सेंद्रिय कर्ब असल्याचा अंदाज बांधलेला आहे; मोजणीची खोली वेगळी असली तरी दोन साठ्यांमधील अंतर यावरून लक्षात येते.

हा कर्ब तिथे टिकला तो केवळ थंडीमुळे. मातीतील सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ खातात तेव्हा हवा खेळती असल्यास त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पाणी साचून हवा कोंडली असल्यास मिथेनही निघतो. तापमान वाढते तसा हा वेग वाढतो, आणि गोठलेल्या अवस्थेत तो जवळजवळ थांबतो. वरवट बकालच्या शिवारात याच नियमाचे दुसरे टोक पाहायला मिळते. शेतात टाकलेले शेणखत, कुटार किंवा कुट्टी करून जमिनीत गाडलेली पऱ्हाटी इथल्या उन्हात आणि पहिल्या पावसानंतरच्या ओलाव्यात इतक्या झपाट्याने कुजते की दोन-तीन हंगामांत तिचा बहुतांश कर्ब हवेत निघून जातो. म्हणूनच माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्बाच्या रकान्यासमोर 0.5 टक्क्यांहून कमी आकडा आणि ‘कमी’ असा शेरा विदर्भात वारंवार दिसतो. जो पालापाचोळा इथे दोन वर्षे टिकत नाही, तो सैबेरियातील याकुतियात वीस हजार वर्षे टिकला, यात दोन जमिनींच्या जातीपेक्षा तापमानाचा वाटा मोठा आहे. हे तापमान बदलले की साठा हलणार, यात गूढ काहीच नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळता येईल. साठा एवढा अवाढव्य आहे, तर त्यापुढे माणसाच्या उत्सर्जनाला काय किंमत, असा हा आक्षेप आहे आणि तो साठा व प्रवाह यांची गल्लत करतो. जमिनीत किती कर्ब आहे आणि एका वर्षात त्यातला किती बाहेर येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आयपीसीसीच्या 2021 च्या सहाव्या मूल्यांकन अहवालानुसार जागतिक तापमान एका अंशाने वाढल्यास या शतकाच्या अखेरीपर्यंत गोठलेल्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुमारे 18 अब्ज टन कर्ब सुटेल. अनिश्चितता मोठी असल्यामुळे हा आकडा 3 ते 41 अब्ज टनांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. मिथेनचा परिणाम तुल्य कर्बात मोजला तर दर अंशामागे आणखी सुमारे 2.8 अब्ज टनांची भर पडते. याउलट कोळसा, तेल, वायू, सिमेंट आणि जंगलतोड यांतून मानवजात आज एका वर्षात सुमारे 11 अब्ज टन कर्ब हवेत सोडते. म्हणजे तापमान दोन अंशांनी वाढले तर ऐंशी वर्षांत गोठलेल्या जमिनीतून जे सुटेल, तेवढे माणूस आजच्या गतीने चार वर्षांच्या आतच सोडतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट या आकड्याच्या मांडणीतच आहे: तो ‘दर अंशामागे’ दिलेला आहे. जमिनीतून किती कर्ब सुटेल हे माणूस किती तापमान वाढवतो यावर ठरते, आणि म्हणून गोठलेल्या जमिनीचे उत्सर्जन मानवी उत्सर्जनावर लागणाऱ्या व्याजासारखे आहे. व्याज चढते म्हणून मुद्दल फेडणे थांबवावे, असा सल्ला सावकाराखेरीज कोणी देणार नाही.

याच आक्षेपाचे एक सौम्य रूप असे असते की, हवामान पूर्वीही बदलत होते आणि जमीन पूर्वीही वितळत होती. हे विधान खरे आहे. मात्र त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खरा नाही. आर्क्टिक प्रदेश 1979 पासून जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापत असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे, आणि 2007 ते 2016 या दशकात जगभरातील बोअरच्या छिद्रांमध्ये खोलवर घेतलेल्या नोंदींवरून गोठलेल्या जमिनीचे तापमान सरासरी 0.29 अंशाने वाढल्याचे सिद्ध झाले आहे. या तापवाढीमागे कार्बन डायऑक्साइडचा वाटा कोणी घातला, याबद्दल आता वाद उरलेला नाही. पूर्वी आगी निसर्गतः लागत होत्या, एवढ्यावरून आजची आग कोणी लावलीच नाही असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक आकर्षक आहे, कारण त्यात भयाचे नाट्य आहे. 2013 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात गेल व्हाइटमन, ख्रिस होप आणि पीटर वॅडम्स यांनी पूर्व सैबेरियाच्या उथळ समुद्रतळाखालून 50 अब्ज टन मिथेन सुटला तर काय होईल याचा हिशेब मांडला आणि त्याची जागतिक किंमत सुमारे 60 लाख कोटी डॉलर इतकी सांगितली. त्यांनी मांडले ते ‘असे झाले तर’ या गृहीतकावरचे गणित होते. प्रसारमाध्यमांत ते भाकीत म्हणून पोहोचले. या गृहीतकाला भूतकाळाचा आधार मिळत नाही. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण कालखंडात आर्क्टिक प्रदेश आजच्यापेक्षा उष्ण होता, तरीही ध्रुवीय बर्फात अडकलेल्या त्या काळातील हवेच्या बुडबुड्यांत मिथेनचा असा प्रचंड उद्रेक आढळत नाही. मागील हिमयुग संपताना घडलेल्या तापवाढीच्या काळातील बर्फ तपासला असता जुन्या गोठलेल्या साठ्यांतून आलेल्या मिथेनचे प्रमाण अल्पच निघाले. समुद्रतळाखाली बर्फासारख्या स्वरूपात बांधला गेलेला मिथेन या शतकात हवामानाला लक्षणीय धक्का देईल ही शक्यता आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाने अत्यंत कमी मानली आहे. वातावरणातील मिथेन 2007 पासून पुन्हा वाढू लागला आहे हे खरे. पण त्याच्या कर्ब-समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंची, तपासणी केली असता या वाढीचा मुख्य भाग उष्ण कटिबंधातील पाणथळ जमिनी, गुरे, भातशेती आणि कचरा अशा जैविक स्रोतांकडे बोट दाखवतो.

बॉम्ब नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही, आणि खारपाण पट्ट्यातील वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरजही पडू नये. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पसरलेला, सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा कोणत्याही स्फोटाने खारा झाला नाही. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोतील डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णा खोऱ्यातील जमिनींवर 1990 च्या दशकात आणि नंतर केलेल्या अभ्यासातून त्यामागची प्रक्रिया दाखवून दिली: हवामान अधिक कोरडे होत गेल्यामुळे मातीच्या पाण्यातील कॅल्शियम चुनखडीच्या रूपाने खाली बसत गेला, त्यामुळे चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारांमध्ये सोडियमचा वाटा वाढला, कण विखुरले, आणि पाणी जमिनीत मुरण्याचे मार्ग बंद होत गेले. वर पाणी साचते आणि खाली जमीन कोरडीच राहते, ही इथली नेहमीची तक्रार त्या मंद प्रक्रियेचे फळ आहे. हवामानाने घडवलेला मातीतील बदल पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू पुढे सरकतो आणि एकदा घडल्यावर आपोआप मागे फिरत नाही. पूर्णा खोऱ्याला लागू असलेले हे तत्त्व सैबेरियातील लेना नदीच्या खोऱ्यालाही लागू आहे. एखादे संकट एका दिवसात कोसळणार नसेल तर ते खरेच नाही, हा समज वर्तमानपत्री मथळ्यांच्या सवयीतून आलेला आहे.

त्यातही काही ठिकाणी वितळणे मंद राहत नाही, हे मान्य केले पाहिजे. जिथे जमिनीत बर्फाचे जाड थर आहेत, तिथे ते वितळल्यावर जमीन खचते, खड्ड्यांत तळी तयार होतात, उतारावरची माती घसरते आणि अनेक मीटर खोलीवरचा कर्ब थोड्या वर्षांतच उघडा पडतो. मेरिट टुरेत्स्की आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवून दिले की असे आकस्मिक वितळणे या प्रदेशाच्या 20 टक्क्यांहून कमी भागात घडेल, तरीही केवळ क्रमशः वितळण्यावर आधारलेला कर्बाचा अंदाज त्यामुळे निम्म्याने वाढू शकतो. हवामानाची जी संगणकीय प्रतिमाने धोरणकर्त्यांसमोर ठेवली जातात, त्यांतील बहुतेकांत ही प्रक्रिया पुरेशी समाविष्ट नाही. म्हणून वर दिलेल्या आकड्यांकडे दिलासा म्हणून पाहणे चुकीचे होईल. अनिश्चितता दोन्ही बाजूंना असते, आणि इथे ती वरच्या बाजूला अधिक जड आहे.

तिसरा आक्षेप हिरवळीचा आहे, आणि त्यात अर्धे सत्य आहे. आर्क्टिकमध्ये वाढीचा हंगाम लांबला आहे, झुडपे उत्तरेकडे सरकत आहेत आणि वितळलेल्या मातीतून मोकळ्या झालेल्या नत्रामुळे त्यांची वाढही सुधारते. तथापि वनस्पती कर्ब शोषतात तो उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत, आणि सूक्ष्मजीव मात्र जमीन पूर्णपणे गोठेपर्यंत, म्हणजे शरदात आणि हिवाळ्याच्या प्रारंभीही, तो बाहेर टाकत राहतात. झुडपांत अडकून साचलेला बर्फ जमिनीवर पांघरुणासारखा राहतो आणि खालची माती हिवाळ्यात पुरेशी थंड होऊ देत नाही. बर्फावर डोके काढणारी गडद झाडी सूर्याची उष्णताही अधिक शोषते. शिवाय ज्या वणव्यांचे प्रमाण वाढत आहे, ते झाडांबरोबर मातीचा वरचा सेंद्रिय थरही जाळतात आणि खालच्या बर्फाचे आवरण काढून टाकतात. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेच्या 2024 च्या आर्क्टिक अहवालात वणव्यांचे उत्सर्जन हिशेबात धरले तर टुंड्रा प्रदेश कर्ब शोषणारा न राहता कर्ब सोडणारा बनला असल्याचा निष्कर्ष नोंदवलेला आहे. जो प्रदेश हजारो वर्षे जमेच्या बाजूला होता, तो खर्चाच्या बाजूला गेला, याचा अर्थ हिरवळीची भरपाई आताच अपुरी पडू लागली आहे.

चौथा आक्षेप अंतराचा आहे. सैबेरियात सुटलेला कार्बन डायऑक्साइड वारे काही महिन्यांतच संपूर्ण उत्तर गोलार्धात मिसळून टाकतात आणि पुढे वर्षभरात तो दक्षिण गोलार्धातही पोहोचतो. त्यामुळे त्याचा परिणाम तो कुठे सुटला यावर अवलंबून नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाने 2017 मध्ये दाखवून दिले की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते, आणि अशा मुसळधार पावसामागचे मूळ भौतिक कारण हेच आहे. जुलै 2023 मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने नद्या-नाले पात्राबाहेर पडले आणि शेतजमिनी खरडून गेल्या. त्या एका पावसाचा दोष गोठलेल्या जमिनीवर टाकणे अशास्त्रीय ठरेल, पण अशा पावसाची शक्यता वाढवणाऱ्या उष्णतेत तिथून येणाऱ्या कर्बाची भर पडत आहे हे नाकारणेही तितकेच अशास्त्रीय आहे. जमीन खरडून जाते तेव्हा सर्वांत आधी वरची वीतभर माती जाते, आणि सेंद्रिय कर्ब मुख्यतः त्याच थरात असतो. भारताने 2008 मध्ये स्वालबार्ड बेटांवरील नी-आलेसुंड येथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र उघडले आणि त्याचे संचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. आर्क्टिक भारतापासून दूर आहे असे देशाच्या धोरणाने तरी कधीच मानलेले नाही.

या चार आक्षेपांना उत्तर देताना पर्यावरणाच्या बाजूने केल्या जाणाऱ्या एका अतिशयोक्तीकडे डोळेझाक करणे प्रामाणिक ठरणार नाही. ध्रुवावरची जमीन जो कर्ब सोडेल तो विदर्भाच्या काळ्या मातीत भरून काढता येईल आणि त्याचे कार्बन क्रेडिट विकून शेतकरी सधन होईल, असे चित्र अलीकडे रंगवले जाते. त्याचे गणित सोपे आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन सुमारे 2,000 टन भरते. तिथला सेंद्रिय कर्ब 0.1 टक्क्याने वाढवता आला, आणि उष्ण कोरडवाहू प्रदेशात तेही अनेक वर्षांचे काम आहे, तर हेक्टरी सुमारे 2 टन कर्ब जमिनीत अडकतो. संपूर्ण खारपाण पट्टा लागवडीखाली धरून त्यात सर्वत्र ही वाढ साधली असे मानले तरी एकूण आकडा साडेनऊ लाख टनांच्या आत राहतो. एका अंशाच्या तापवाढीमागे गोठलेल्या जमिनीतून येणाऱ्या 18 अब्ज टनांच्या तुलनेत हा सुमारे 19 हजारांपैकी एक भाग आहे. त्यातही नांगरट, दुष्काळ किंवा एखाद्या अतिवृष्टीने हा कर्ब पुन्हा निघून जाऊ शकतो. चुनखडीच्या रूपाने आपल्या जमिनीत कर्ब साठतच आहे, असे समाधानही फसवे आहे; चुनखडी खाली बसण्याच्या रासायनिक क्रियेत पाण्यात विरघळलेल्या कर्बाचा निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड बनून सुटतो, आणि उरलेला निम्मा ज्या चुनखडीत बांधला जातो तीच पूर्णा खोऱ्यातील जमीन नापीक करण्यास कारणीभूत ठरली आहे.

काळ्या मातीत कर्ब वाढवण्याचे खरे कारण वेगळे आहे आणि ते जगाच्या हिशेबावर अवलंबून नाही. सेंद्रिय कर्ब वाढला की मातीचे कण एकत्र बांधले जातात, पाणी मुरते, भेगा कमी पडतात आणि पावसाचा खंड पडला तरी पीक थोडे अधिक तग धरते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून चालू असलेल्या दीर्घकालीन खत प्रयोगात शेणखत आणि शिफारशीत रासायनिक खते यांच्या एकत्रित वापरातून काळ्या मातीतील सेंद्रिय कर्ब टिकतो आणि वाढतो, हे दिसून आले आहे. वरवट बकालच्या शेतकऱ्याने पऱ्हाटी न जाळता तिची कुट्टी करून जमिनीत मिसळावी ती स्वतःच्या शेतासाठी. सैबेरियाचे प्रायश्चित्त त्याच्या शेतावर लादणे हा जबाबदारी ढकलण्याचाच एक प्रकार आहे.

ती जबाबदारी कोणाची, याबाबत संदिग्धता ठेवण्याचे कारण नाही. 1850 पासून जीवाश्म इंधनांतून झालेल्या एकूण उत्सर्जनात भारताचा वाटा 3 ते 4 टक्क्यांच्या आसपास आहे आणि दरडोई उत्सर्जन आजही जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. आधी आणि अधिक कपात श्रीमंत देशांनी केली पाहिजे, हा भारताचा आग्रह न्याय्य आहे. परंतु आजच्या वार्षिक उत्सर्जनात भारताचा वाटा सुमारे 8 टक्के झालेला असताना तो न्याय्य आग्रह स्वतःच्या कोळशाचा प्रश्न लांबणीवर टाकण्यासाठी ढाल म्हणून वापरता येणार नाही, कारण गोठलेली जमीन उष्णता कोणत्या देशाची आहे हे पाहून वितळत नाही. कोणत्या टप्प्यावर थांबले तरी उपयोग नाही असा टप्पा या प्रक्रियेत आढळत नाही, आणि कोणत्या टप्प्यापर्यंत निर्धास्त राहता येईल असाही टप्पा आढळत नाही. अंशाचा प्रत्येक दशांश वाचवला तर सुमारे दोन अब्ज टन कर्ब जमिनीतच राहतो, आणि तो गमावला तर माणसाच्या काळाच्या मापात परत येत नाही. म्हणून गोठलेल्या जमिनीचा दाखला देऊन उत्सर्जन-कपात निरर्थक ठरवणारा युक्तिवाद, तो भयाच्या भाषेत येवो किंवा बेफिकिरीच्या, फेटाळलाच पाहिजे. तोच दाखला कपात अधिक तातडीने करण्याचे सर्वांत भक्कम कारण आहे.